तिसरा गियर आणि गुलाबकाका

गाडीला पाना लावण्याआधी गुलाबकाका ड्रायव्हरशेजारी बसून एक चक्कर मारत, तीही डोळे मिटून. पांढरकवड्याच्या हायवेवर साठीचा हा मेकॅनिक असा बसलेला पाहून ट्रकवाले ओरडत, "काका, झोपले काय?" काका डोळे न उघडता म्हणत, "गाडी बोलून राह्यली. तू चूप राय." यंदा गुडघे थकले म्हणून गॅरेज पुतण्याला देऊन ते आपल्या बंजारा तांड्यावर राहायला गेले.

ही गोष्ट त्याआधीची. आम्ही चार मित्रांनी एक जुनी पिकअप घेतली होती. झरी जामणीकडच्या जंगलातल्या गावांतून अकरा मुलींना पांढरकवड्याच्या कॉलेजात आणायला. त्या गावांना सकाळची बस नाही, आणि मुलींनी शिकावं असं भाषण करणाऱ्यांना तिकडचा रस्ता ठाऊक नाही. दीड वर्ष गाडी मीच चालवली. मग चढावर तिसरा गियर आपोआप निसटू लागला. बारावीचा पहिला पेपर सोमवारी होता. शनिवारी चढावर गियर असा सुटला की गाडी मागे घरंगळली आणि मुली किंचाळल्या.

गुन्हेगार माझ्या लेखी आधीच ठरला होता: आम्हाला गाडी विकणारा व्यापारी. 'गरिबांना लुटणारा ठग' असं त्याच्या नावानिशी पत्रक छापून मी ते बाजारात वाटलंही होतं.

शनिवारी दुपारीच मी गाडी काकांच्या गॅरेजात नेली. चक्कर मारून झाल्यावर काकांनी गियरबॉक्स उतरवला. सुटे भाग मांडायला स्वच्छ कागद मागितला. मी उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा दिला. त्यावर एकेक गियर ओळीनं ठेवत ते म्हणाले, "चला, तुहे कागद कामी आले."

मग त्यांनी गियर सरकवणारा दोन बोटांचा लोखंडी चिमटा माझ्यापुढे धरला. एक बोट झिजून पात्यासारखं झालं होतं.

"चालवताना डावा हात कुठं असते तुहा?"

"गियरच्या दांड्यावर."

"सारा रस्ता?"

"सगळा रस्ता."

"त्या हाताचं वजन यानं सोसलं. हे तू घासलं बेटा, इकणाऱ्यानं नाही."

"पण त्यानं जुनी गाडी गळ्यात मारली!"

"जुनी म्हणूनच इकली ना? आमचे बापजादे बैलाच्या पाठीवर मीठ नेत. बैल लंगडला तर आधी पाहत, गोणी कोणं लादली. बैल इकणाऱ्याले शिव्या देत नव्हते."

"मग दुसरा गियरबॉक्सच बसवू."

"त्यालेबी तुहाच हात लागन ना!"

मी खालचं पत्रक दाखवलं. काकांनी ऑइलचे डाग पडलेल्या ओळी बोट ठेवून वाचल्या. चेहरा उतरला त्यांचा. मी म्हणालो, "काका, आधी मी त्याची माफी मागून येतो. तोवर गाडीला हात लावू नका."

"काहून? तुह्या चुकीपायी पोरींचा पेपर बुडवू का मी? तू जा. मी पितळ भरतो."

व्यापाऱ्यानं सगळं शांतपणे ऐकलं. "बाजारभर वाटलं," तो म्हणाला, "अन् माफी मले एकट्याले?"

रविवारच्या बाजारात मी दुसरं पत्रक वाटलं. चार ओळींचं: गाडी चांगली होती, चालवणारा चुकला, व्यापाऱ्यावरचा आरोप खोटा, लिहिणारा मीच. लोक हसले. एका भाजीवालीनं तर ते माझ्याकडूनच मोठ्यानं वाचून घेतलं. अन्यायाविरुद्ध मी आजवर पुष्कळ लिहिलं होतं. या वेळी अन्याय मीच केला होता.

इकडे काकांनी झिजलेल्या बोटावर पितळ चढवून ते कानसीनं घासलं, थकलेली स्प्रिंग बदलली, आणि दिवस मावळायच्या आत गियरबॉक्स परत चढवला. मजुरी विचारली तर म्हणाले, "आधी पोरी पोचव."

सोमवारी चढावर तिसरा गियर टाकला. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर. गाडी वर चढली. गियर जागचा हलला नाही. अकराही मुली परीक्षेच्या गेटातून आत गेल्या, तेव्हा मी काकांना फोन लावला.

"काका, पोचल्या! सगळ्या पोचल्या!"

"मंग बोंबलतं कायले?" ते म्हणाले. "गाडी दूर लाव. आत पोरी लिहून राह्यल्या."