सायकलच्या ट्यूबचा पट्टा

पंक्चरच्या दुकानातून तापलेल्या रबराचा वास आला, की मला रोह्याचा हाडवैद्य आठवतो. डोलवीला पोलादाची कंपनी उभी राहत होती, तेव्हाची गोष्ट. आई पेणजवळच्या मिठागरात दिवसभर वाकून फळीने मीठ ओढायची आणि तिची कंबर पार धरली होती. वैद्य हाडं बसवायचा, पण त्याचा खरा जीव नवनवीन यंत्रं करण्यात. त्याने सायकलच्या ट्यूबा आणि बांबूच्या कामट्या जोडून एक पट्टा बनवला, आईच्या पाठीला आवळला, आणि माझी आई चक्क ताठ उभी राहिली. "कसं वाटतं गो?" त्याने विचारलं. "लय बरं हाय," आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी मिठागरात तिला वाकताच येईना, तेव्हा तिने तो सोडून बांधावर ठेवला. पुढे रोह्याला वैद्याकडे जायच्या दिवशीच ती तो पट्टा बांधायची. "बिचाऱ्यानं येवढा जीव लावून केलाय, त्याला नाय सांगायचं," म्हणायची. वैद्य खूश होऊन मिठागरातल्या बायांसाठी आणखी पट्टे करत राहिला. गेल्या वर्षी आई गेली, तेव्हा तिरडीवर तिची वाकलेली पाठ काही केल्या टेकेना. "दोरी जरा आवळा," कोणीतरी म्हणालं. मी म्हटलं, "नको, आता तरी आवळू नका तिला."