काकी संग्रहालयात झोपल्या

पत्रक मीच लिहिलं होतं, त्यामुळे पहिली ओळ अजून पाठ आहे. 'आधी चाळ पाडायची, मग तिचीच खोली लोकांना तिकीट लावून दाखवायची, याला कला म्हणायचं का?' आमच्या रहिवासी समितीत पत्रकं लिहिण्याचं काम माझ्याकडे असतं. ती कोण वाचतं ते मला चांगलं ठाऊक आहे, पण लिहिताना मी ते विसरते.

भानगड अशी. नायगावची आमची चाळ पुनर्विकासासाठी पाडली आणि आम्ही भाड्याच्या घरांत विखुरलो, कोणी अँटॉप हिलला, कोणी कॉटन ग्रीनला. इकडे एका नावाजलेल्या कलावतीनं, जिला नुकताच कसलासा मोठा पुरस्कारही मिळाला होता, दक्षिण मुंबईतल्या एका संग्रहालयासाठी चाळीतली खोली जशीच्या तशी उभी केली. संग्रहालयानंच तिला ते काम दिलं होतं. दार, खिडकी, मोरीचा दगड, सगळं आमच्या चाळीच्या पाडकामातलं. पेपरात फोटो आला. फोटोत दाराची कडी उलटी होती.

आमच्या मजल्यावर उलटी कडी एकाच दाराला होती, शेजारच्या मालवणी काकींच्या. ती त्यांच्या यजमानांनी बसवली होती, आणि 'ही अशीच असते' असं सांगत सांगत ते गेले.

काकींना तो फोटो मोबाइलवर दाखवला. त्यांनी मोबाइल हातात घेतला तो सोडेचनात. मी म्हटलं, "काकी, निषेधाला जायचंय. याल ना?"

"आत बसाक गावतला?"

"आत जायला बंदी आहे. बाहेरूनच बघायचं."

"कोणी घातली बंदी?"

"संग्रहालयानं."

"बघूया," काकी म्हणाल्या. "माका फक्त एकदा माझ्या भिंतीक पाठ लावन बसाचा आसा. मगे तुझो काय तो निषेध कर."

म्हणजे समितीची मागणी एक आणि काकींची दुसरी. मी म्हटलं, गर्दीत खपून जाईल.

रविवारी मजल्यावरच्या सगळ्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, गजरे माळून आल्या. हे लग्नाचं वऱ्हाड नाही, असं मी दोनदा सांगितलं. दारातच पहिला दणका बसला. पिशव्या काउंटरवर जमा करायच्या. माझी पिशवी म्हणजे सगळी पत्रकं. मी काउंटरवरच्या मुलीला अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बरंच ऐकवलं. तिनं शांतपणे माझ्या हातात बिल्ला ठेवला आणि म्हणाली, "छत्री पण द्या."

वर मोठ्या पांढऱ्या दालनात आमची खोली उभी होती. दार उघडं, आणि दारात गुडघ्याएवढ्या उंचीवर एक दोरी बांधलेली. शेजारच्या फलकावर कलावतीचं नाव, पुरस्काराचं नाव, देणगीदाराचं नाव. राहणाऱ्यांपैकी कोणाचंच नाही. मला मनातून आनंदच झाला, मुद्दा आयता मिळाला. मी दालनाच्या मधोमध उभी राहिले, घसा खाकरला, आणि "मित्रहो" म्हणाले.

तेवढ्यात काकींनी चपला काढल्या. सवयीनं त्या भिंतीकडेला सरळ लावून ठेवल्या, साडी जरा वर धरली, दोरीवरून पाय टाकला आणि आत गेल्या. त्यांच्या मागून बाकीच्या. दाराबाहेर चपलांचा ढीग झाला, बारशाला होतो तसा. माझं भाषण ऐकायला कोणी उरलं नाही, म्हणून मीही आत गेले. आत गेल्यावर लक्षात आलं की मीसुद्धा चपला काढूनच आलेय. निषेध करायला आलेली माणसं आधी चपला काढतात, असं कोणत्या क्रांतीत झालंय?

सुरक्षारक्षक धावत आला. तरणा पोरगा, पायात जाडजूड काळे बूट. "मावशी, बाहेर या. आत जायचं नाही."

"माझ्या घरात जावक माका तुका इचारूक व्हया?" काकी आतून म्हणाल्या. "आणि मेल्या, बूट घालून खय येतंस?"

पोरगा दोरीशी थबकला. "काकी, तुमी खयच्या?"

"मालवणची. तू?"

"कणकवली." तो खाली वाकला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. "सायेब माका ओरडतले काकी. चला बघू भायर." हे तो आम्हाला हाकलण्यासाठी म्हणत होता, पायातले मोजे काढता काढता.

आत आल्यावर त्याला बायकांनी घेरलं. मांडणी चुकीच्या भिंतीला आहे. मोरीला उतारच नाही, पाणी काय कॉटखाली सोडायचं? जणू त्या बिचाऱ्यानंच खोली बांधली होती. बाहेर बघे जमले, मोबाइल वर झाले. झब्बा घातलेल्या एका गृहस्थांनी दारातून मला विचारलं, "हा प्रयोग रोज असतो का?"

"हा प्रयोग नाही. निषेध आहे."

ते मागे वळून बायकोला म्हणाले, "निषेधाचा प्रयोग आहे."

मी त्यांना सुनावणार, एवढ्यात बायका गप्प झाल्या. काकी भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या, एक गुडघा वर, पदर खांद्यावरून ओढून घेतलेला. मान छातीवर आली होती. झोपल्या होत्या. सुखाची, बारीक घोरण्याची झोप.

मग व्यवस्थापक आले आणि त्यांच्या मागून ती कलावती. व्यवस्थापक दारातूनच गरजले, "हे काय चाललंय?" सगळ्या बायकांनी एकदम तोंडावर बोट ठेवलं. त्यानंतरचं सगळं भांडण आम्ही कुजबुजत केलं. कुजबुजत घोषणा देता येत नाहीत, मी करून बघितलं.

"कलाकृतीला हात लावायचा नाही, असा नियम आहे," ते कुजबुजले.

"हात कुठे लावतायत? झोपल्यात," मी कुजबुजले. "आणि खोली त्यांचीच आहे, ती कडी बघा."

कलावतीनं कडी बघितली. मला तिला बरंच काही सुनावायचं होतं, पुरस्कारासकट. पण तिनं सँडल काढले, आत येऊन काकींसमोर मांडी घातली, आणि तिचे खांदे हलायला लागले. हसू दाबत होती. मग रक्षकाला फुटलं, मग बायकांना, आणि शेवटी, समितीची शिस्त गुंडाळून ठेवून, मला.

काकी जाग्या झाल्या. कोणाकडे न बघता उठल्या, मोरीपाशी गेल्या, तोंड धुवायला नळ फिरवला. नळ कोरडा. त्यांनी समाधानानं मान हलवली. "पाणी नाय. मगे आपलीच खोली ही."

"दोरी काढा," कलावती व्यवस्थापकांना म्हणाली.

"मॅडम, ते लेखी लागेल."

"दोरी माझ्या कामात नाहीच आहे. ती तुम्ही बांधलीत."

व्यवस्थापक कोणाला तरी फोन लावत बाजूला गेले. मी तिच्यावर वैतागले. दोरी काढायची मागणी समितीनं करायची आणि तिनं ती फेटाळायची, असा रिवाज आहे. आता पुढच्या पत्रकात मी लिहायचं काय? रक्षकानं तोवर अनवाणीच दोरी सोडून कोपराभोवती गुंडाळायला घेतली होती.

काकींनी चपला पायात सरकवल्या आणि कलावतीच्या दंडाला हात लावला. "जमीन थंड लागता गो. येत्या रविवारी मी गोधडी घेवन येतंय."