महालक्ष्म्यांपुरती सून

वाशिमच्या कोर्टातला बाक योगिनीला आता पाठ झाला होता. त्याचा कोणता पाय डुगडुगतो, पंख्याचं वारं कुठवर पोचतं, सगळं. दर तारखेला मालेगावच्या शिलाईच्या दुकानातून सुट्टी मागायची, एसटी धरायची, आणि पुढची तारीख ऐकून परत यायचं. माणूस म्हातारा व्हायला वय कशाला लागतं हो, कोर्ट पुरे!

नवरा मुन्ना शिरपूरचा. हात उगारायचा, नाहीतर महिना महिना बोलायचा नाही. भाजी मनासारखी नसली की ताट भिंतीवर. एक दिवस मोटारसायकलवरून त्यानं तिला जऊळक्याला, तिच्या माहेरच्या गावी, स्टेशनपाशी उतरवलं. "आठ दिवसांनी घ्यायले येतो," म्हणाला. ते आठ दिवस अजून भरायचेच आहेत. अकोल्यात त्यानं दुसरीसोबत बिऱ्हाड केलं. तीन वर्षं वाट पाहून योगिनीनं फारकतीचा दावा लावला: छळ केला आणि टाकून दिलं. तर मुन्ना कोर्टात म्हणे, मला बायको सोडायचीच नाही. नांदवायचं नाही अन् सोडायचंही नाही, काय म्हणावं असल्या माणसाला!

पण एक चूक योगिनीचीही होती. सासू मनकर्णाबाईच्या हातांना कंप सुटलेला. महालक्ष्म्यांना साडी नेसवायची, निऱ्या धरायच्या, तिच्यानं होईना. घरच्या लक्ष्म्यांना खंड तर पडू द्यायचा नाही. मुन्नानं टाकल्यावरही दर भादव्यात सासूचा फोन यायचा, "तीन दिवसांसाठी ये वं माय." योगिनी पिशवी भरायची. तिचा बाप पुंजाजी चिडायचा, "ज्यायनं टाकलं त्यायच्या घरी कायले जातं वं?" तिला वाटे, देवीनं आपलं काय वाकडं केलं? मुन्नाही यायचा, जोडीनं पूजेला बसायचा. महालक्ष्म्यांपुरती त्याला बायको लागायची.

त्या जोडीचा फोटो त्यानं कोर्टात दिला.

तिची वकील मंजुषाताई कपाळाला हात लावून बसली. "अगं, टाकून दिल्याची दोन वर्षं सलग लागतात. मधी एकत्र नांदलात असं ठरलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. वरून म्हणतील, छळही तू माफ केला. काहून गेली तू?"

"आत्याबाईचे हात कापतात, ताई," योगिनी एवढंच बोलली. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

मग मुन्नानं साक्षीला आईलाच आणलं. पढवून आणलेली. मनकर्णाबाई पिंजऱ्यात उभी राहिली, पदर सावरला आणि म्हणाली, "हो, सून दरसाल येते. तीन दिवस आमच्याच घरी राह्यते." योगिनीनं डोळे मिटून घेतले. झालं, आता जन्मभर हेच लोढणं.

मंजुषाताई उठली. "तीन दिवस ती कुठं झोपायची, आजी?"

"माह्यापाशी. खाली, सतरंजीवर."

"आणि मुन्ना?"

म्हातारीनं लेकाकडं पाहिलं. तो मान हलवून खुणावत होता. तिनं त्याच्यावरची नजर काढून घेतली. मग म्हणाली, "तो कुठचा थांबते? आरती झाली का गाडीले किक मारते अन् जाते अकोल्याले. पुरणाची पोळी बी खात नाई. पोरीसंगं एक शब्द बोलत नाई. लक्ष्म्यांसमोर खोटं नाई बोलली, इथं कायले बोलू?"

टायपिस्टनं सगळं टिपून घेतलं. "सुटलीस बहुतेक," मंजुषाताई कानात कुजबुजली. योगिनीला आनंद व्हायला हवा होता. तिला नुसती झोप येत होती.

बाहेर येऊन पाहतात तर मुन्ना गाडी घेऊन निघून गेलेला. आईला तिथंच टाकून. योगिनीनं सासूला स्टँडवर आणलं, चहा पाजला. कप तिनंच धरला, नाहीतर सांडला असता. शिरपूरची गाडी लागली.

पायरीवर मनकर्णाबाई थांबली. "औंदा भादव्यात येऊ नको."

"मग साड्या कोण नेसवन, आत्याबाई?"

"कोणी नाई. मुखवटे पेटीतच राह्यतीन." तिनं योगिनीचा हात धरला. "अन् मी फोन करीन, मले माहीत हाय. माह्यानं राह्यवणार नाई. तू उचलू नको."

गाडी निघाली. इतक्या तारखांत योगिनी एकदाही रडली नव्हती. त्या दिवशी ती स्टँडवर, चारचौघांत, हुंदके देऊन रडली.