माझं अकाउंट सोडून सगळे नव्या डोमेनवर गेले

या ग्रुपवरच्या बऱ्याच किश्श्यांखाली "गॅसेस आहेत, ओवा खा" अशी कमेंट टाकणारा खडूस माणूस मीच. ज्यांना टाकली त्यांनी आज खुशाल सूड उगवावा. भूत, देव, बाहेरचं, आतलं... काही म्हणजे काही मी कधी मानलं नाही. मी कॉम्प्युटर नेटवर्कवाला माणूस. आमच्या धंद्यात अमानवीय गोष्टी दोनच — युजर आणि मॅनेजमेंट. तरीही हे लिहायला बसलोय, कारण काही दिवसांपासून एक फोन सारखा येतोय आणि तो उचलायची माझी हिंमत होत नाहीये.

गिरगावात ठाकूरद्वारच्या बाजूला एका गल्लीत एका जुन्या शिक्षणसंस्थेचं मुख्य ऑफिस आहे. नाव सांगणार नाही, आणि कृपया ओळखण्याचा प्रयत्नही करू नका. तळमजल्यावर सगळ्यात मागे सर्व्हर रूम. जाड लोखंडी दार, कार्ड दाखवलं की उघडणारं. आत एसी, रॅक आणि चाललं की पोकळ वाजणारी फरशी. कारण फरशीखाली विहीर आहे. गिरगावातल्या जुन्या इमारतींना विहिरी असायच्याच, त्यातलीच एक. कोणीतरी कधीतरी वर लाद्या टाकून झाकली आणि वर आमचा सर्व्हर बसवला. ऑफिसातली जुनी मंडळी त्या दाराशी चपला काढायची. मी बूट घालून आत जायचो. मुद्दाम.

त्या नोकरीचा मला मनापासून वीट आला होता. बायको स्नेहल आणि मुलगी ओवी पुण्यात, मी एकटा नायगावच्या खोलीत. स्नेहलची पुण्यातली नोकरी चांगली, ओवीची शाळा तिथलीच. दर वर्षी मी म्हणायचो, या वर्षी येतो. शेवटी पुण्यात मलाही नोकरी मिळाली आणि मी राजीनामा दिला. साहेबांनी तो समोरच्या ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाले, "जुनं डोमेन बंद करून सगळं नव्यावर नेऊन दे, मग जा. त्याआधी रिलीव्हिंग लेटर मिळणार नाही." पुण्याची कंपनी थांबायला तयार होती, पण थोडेच दिवस. स्नेहल थांबायला तयार नव्हती.

"या वेळी येतोयस की नाही, एवढंच सांग," ती फोनवर म्हणाली. "ओवीला मी आता काही सांगणार नाही. तुझं तू सांग."

डोमेन म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांची सोसायटी समजा. मेंबर कोण, कोणाला कुठलं दार उघडायचं, हे एक मुख्य सर्व्हर ठरवतो. खडूस सेक्रेटरीसारखा. आमची सोसायटी फार जुनी झाली होती. शेजारी नवी उभी केली होती, आता एकेक बिऱ्हाड तिकडे हलवायचं आणि जुनी पाडायची. थोडक्यात रिडेव्हलपमेंट. फरक एवढाच की इथे सगळी कामं बिल्डर एकटा करतो आणि शिव्याही तोच खातो.

प्लॅन ठरवायच्या मीटिंगमध्ये परबकाका बोलले. परबकाका म्हणजे आमचे हेडक्लार्क, मालवणकडचे, राहायला लालबागला. मी कुठल्याही कामाचं नाव काढलं की त्यात खोडा घालायचा त्यांना छंद होता.

"जाधव, ता मशीन हलवच्या आधी गाऱ्हाणा घालूक होया. हिरीवर बसलेला हा ता."

"काका, त्यात विंडोज आहे. देव नाहीये."

"घाटावरच्यांका काय कळताला," ते बाकीच्यांकडे बघून म्हणाले आणि सगळे हसले. साहेबसुद्धा. मग साहेबच म्हणाले, घाला गाऱ्हाणं, नारळाने काय बिघडतंय.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. कोकणातली माणसं काही मोठं करायचं असलं की जागेच्या राखणदारापुढे नारळ ठेवतात आणि एक जण मोठ्याने मागणं मागतो. बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. आमच्या सर्व्हर रूमच्या दारात भरदुपारी सगळा स्टाफ उभा राहिला. काका डोळे मिटून सुरू झाले. मालवणी मला अर्धीच कळते, आणि तेव्हा तर मी स्नेहलला मेसेज टाइप करत होतो. बाकीचे म्हणाले की मीही "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. लवकर आटपावं म्हणून.

पुढचं काम इतकं सुरळीत झालं की मलाच संशय आला. टायपिंगवाल्या बाई गेल्या, परीक्षा विभाग गेला, साहेब गेले. पासवर्ड म्हणून आपलंच नाव ठेवणारा एक महाभाग होता, तोही गेला. नव्या डोमेनवर सगळ्यांची दारं उघडली. उरलो मी.

माझं अकाउंट जाईना. कारण काही दाखवत नव्हतं, नुसतंच "अयशस्वी". ठीक आहे, म्हटलं, असतं असं. नव्यात दुसरं अकाउंट बनवलं. चहा पिऊन येईपर्यंत ते बंद पडलेलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. ज्या कंपनीकडून सर्व्हर घेतला त्यांचा माणूस येऊन डोकं खाजवून गेला. जाताना म्हणाला, "सर, एक विचारू? तुम्हाला जायचंय हे सिस्टमला माहीत आहे का?" मी त्याला हाकललाच.

त्या दिवसांत ती खोली माझ्यावर उठली होती. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. मी आत असलो की एसी बंद पडायचा, बाहेर आलो की सुरू. रॅकच्या कडेने हात कापला, दोनदा, एकाच जागी. आणि वास... शेवाळलेल्या पाण्याचा. बाकी कोणाला येत नव्हता. मला इतका राग आला होता की भीती वाटायला जागाच नव्हती. पुण्याच्या कंपनीने विचारायला सुरुवात केली होती, आणि मी एका खोक्यामुळे अडकलो होतो.

मग ठरवलं, गेलं माझं अकाउंट खड्ड्यात. बाकी सगळे गेलेत ना? जुना सर्व्हर बंद करायचा, लेटर घ्यायचं, सुटायचं. शनिवारी अर्धा दिवस असतो. दुपारी ऑफिस रिकामं झाल्यावर आत गेलो, बूट घालूनच, सर्व्हर रीतसर बंद केला आणि पॉवरची वायर मागून उपटली. पंख्यांचा आवाज थांबला.

आणि फरशीखालून सुरू झाला. तसाच, त्याच सुरात. बुटांच्या तळव्यांना लागत होता.

मी दाराकडे वळलो. कार्ड लागेना. आतून बाहेर पडायला हिरवं बटण असतं. त्याचा सर्व्हरशी काही संबंध नसतो, सरळ वायर जोडलेली असते. दाबलं. दाबत राहिलो. त्या खोलीत मोबाईलला रेंज कधीच नव्हती. दारावर लाथा घातल्या, सर्व्हरला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. बाहेर कोणी नव्हतंच. आणि मग मागे उजेड पडला.

मॉनिटर सुरू झाला होता. उपटलेली वायर रॅकमागे लोंबत होती, सर्व्हर मेलेला होता, आणि मॉनिटरवर लॉगिनचा चौकोन होता. त्यात माझं नाव टाइप केलेलं. खाली पासवर्डच्या जागी एकेक टिंब उमटत होतं. घाई नाही, चूक नाही. जेवढा माझा पासवर्ड लांब तेवढी टिंबं झाली, आणि थांबली. पुढे काहीच होईना. आता माझी पाळी आहे, असं ते थांबणं होतं.

तिथे माझा सगळा राग उतरला. मी गुडघ्यावर बसलो आणि वायर परत खोचली. पंखे फिरले, फरशीखालचा आवाज बंद झाला, आणि दार आपोआप खटकन उघडलं. मी बूट हातात घेऊन बाहेर आलो. कधी काढले ते आठवत नाही.

घरी जाताना एकच विचार डोक्यात होता, की परबकाकांनी त्या दिवशी मागितलं तरी काय? टायपिंगवाल्या बाईंनी गाऱ्हाण्याचा व्हिडिओ काढला होता. त्यांच्याकडून मागवून घेतला आणि नायगावच्या खोलीत कानाला लावून ऐकला. आधी नेहमीचं होतं. ही तुझी लेकरां नव्या घराक जातत, तेंका सुखरूप जावंदे. व्हय म्हाराजा. मग काकांचा आवाज चढला:

"सगळी गेली तरी तुका एकट्याक ठेवचंव नाय! हो जाधवांचो झिल तुझ्याकडे ठेवतंव! तुझी राखण हो करतलो! हेका खंय सोडू नको रे म्हाराजा!"

झिल म्हणजे मुलगा. जाधवांचा झिल म्हणजे मी. आणि त्या गलक्यात सगळ्यात स्पष्ट आवाज माझा. व्हय म्हाराजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लालबागला काकांच्या दारात उभा होतो. काका बनियनवर पेपर वाचत बसले होते. मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गाळी मागीर घाल. आधी चाय घे."

"मला काढा त्यातून. माझी मुलगी आहे तिकडे, काका! तुम्हाला माहीत होतं!"

"म्हायत होता तर." त्यांनी पेपरची घडी घातली. "तू गेल्यार हयचा कोण बघतलो? माझ्यासाठी कायएक मागूक नाय. हापिसासाठी मागलंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दिलेलो माणूस असो परत मागूचो नसता. बदली देवची लागतली."

माझ्या जागी ऋतुजाला आधीच घेतलं होतं. सोमवारी ती हजर झाली. हुशार पोरगी, पण जिभेला हाड नाही. माझा प्लॅन बघून चारचौघांत म्हणाली, "हे असं कोण करतं सर? दोन हजार दहा चालू आहे का?" मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. हे मी आवर्जून लिहितोय. ती आवडली असती तर मी वेगळं वागलो असतो का, याचं उत्तर मला नकोय.

"मी इथे कायमची नाहीये हं," तिने डबा खाताना सांगितलं. "ऑस्ट्रेलियाचं चाललंय माझं. नवरा तिकडेच आहे, लग्नानंतर महिनाभर काय तो एकत्र राहिलो. व्हिसा आला की मी उडाले."

मी मान हलवली आणि भाजी संपवली.

दुसरं गाऱ्हाणं बुधवारी झालं. साहेबांना सांगितलं, निरोपाचा नारळ आहे. ऋतुजा हसत हसत मोबाईलवर शूट करत होती. काकांनी डोळे मिटले. या वेळी मी शब्दन् शब्द ऐकत होतो. "ह्या जाधवाक मोकळो कर रे म्हाराजा! ह्याच्या बदली ही ऋतुजा तुझी राखण करतली!" आपलं नाव आल्यावर तिला भारीच मजा वाटली. सगळ्यात मोठ्याने तीच ओरडली. "व्हय म्हाराजा!"

मीही म्हणालो.

नारळ फुटल्यावर मी माझ्या टेबलाशी गेलो. माझं अकाउंट पहिल्याच फटक्यात नव्या डोमेनवर गेलं, जुनं डोमेनही निमूट बंद झालं. संध्याकाळी लेटर हातात होतं. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, मीही त्यांच्या पाया पडलो नाही.

आता पुण्यात आहे. ओवीला शाळेत मी सोडतो. स्नेहल परवा म्हणाली, तू आल्यापासून चिडचिड कमी झालीय तुझी. या सगळ्याचं स्पष्टीकरण द्यायला मी शंभर वेळा बसलो. मॉनिटर दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडलेला असेल... नव्हता, वायरी मीच ओढल्या होत्या. दाराचा बिघाड असेल, मला घाबरल्यामुळे काहीबाही दिसलं असेल. असेल. तुमच्यापैकी कोणी ओवा खा म्हणालं तर खाईन. अजूनही मी असल्या गोष्टी मानत नाही.

ऋतुजाचा पहिला फोन मी उचलला होता. आवाज उर्मटच होता, पण नेहमीएवढा नाही. "सर, व्हिसा आलाय, राजीनामा दिलाय, आणि माझं एकटीचंच अकाउंट बंद पडतंय. तुमचंही असंच झालं होतं ना? तुम्ही काय केलं होतं?"

मी म्हणालो, "कॅश क्लिअर कर. रीस्टार्ट मारून बघ."

त्यानंतर ती रोज फोन करतेय. कधी दुपारी, कधी मी ओवीला आणायला शाळेच्या फाटकापाशी उभा असताना. काल मोबाईल ओवीच्या हातात होता. तिने स्क्रीनवरचं नाव अक्षर जुळवून वाचलं आणि म्हणाली, "बाबा, ऋ-तु-जा. घेऊ?"

मी फोन तिच्या हातातून काढून घेतला आणि वाजायचा थांबेपर्यंत खिशात दाबून धरला.