भिंतीवरच्या शेताला चरग

आमच्या मावसभावजींइतका परदेशात राहूनही परदेशात पाऊल न टाकलेला माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. मावसभावजी म्हणजे आमच्या ह्यांचे थोरले मावसभाऊ, चिकोडीजवळच्या एका खेड्यातले. ते कितीतरी वर्षं आधीच रंगूनला लाकडाच्या गिरणीत लागलेले. पुढं ह्यांनाही तिथंच काम मिळालं आणि आम्ही निपाणीहून बिऱ्हाड हलवलं. धक्क्यावर घ्यायला भावजीच आले होते, आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "बाई, पेटी पुरती सोडू नका. आपल्याला परत जायाचंय."

त्यांची स्वतःची पेटी कायम दोरीनं बांधलेली. रोज सकाळी दोरी सोडून धोतर काढायचं, संध्याकाळी घडी आत ठेवून पुन्हा गाठ मारायची. भिंतीला एक खिळा म्हणून ठोकला नाही. टोपी दाराच्या कडीला. घड्याळ देशाकडच्या वेळेचं. आमच्याकडं जेवायला उशिरा यायचे आणि वर म्हणायचे, "चिकोडीत आत्ता कुठं बैलं सोडत्यात!" बर्मी भाषेचा एक शब्द शिकले नाहीत. त्यांच्या गावात परक्या माणसाशी कन्नडात बोलायची रीत, म्हणून ते बाजारात भाजीवालीशी बिनदिक्कत कन्नड बोलत. गंमत अशी, की वर्षानुवर्षं ऐकून ती बर्मी बाईच भेंडी पुढं करून "बेका?" विचारायला लागली, म्हणजे "हवी का?" भावजी मला म्हणाले, "बघा, हळूहळू सुदरत्यात."

आणि असा हा माणूस घरी मात्र एकदाही गेला नव्हता. गावाकडं म्हातारी आई एकटी. हे दरवर्षी म्हणायचे, "दादा, मावशी थकलीय. जाऊन या." भावजी मान हलवायचे, "या सुगीला जातोच." सुगी यायची, जायची. एकदा मी ताक दिलं तेव्हा ते ताकाच्या गंजाकडंच बघत बोलले, "बाई, पयल्या वर्षी गेलो न्हाय ते राहिलं. दुसऱ्या वर्षी लाज वाटली. आता तर तोंड कसं दावू?" मी अजून थोडं ताक वाढलं.

अशात बेळगावच्या एका आप्पांनी आमच्या गल्लीच्या तोंडाशी खाणावळ काढली. आपल्या मुलखाचं जेवण, आपल्या मुलखाचा थाट. आत शिरलं की समोरच्या अख्ख्या भिंतीवर रंगवलेलं जोंधळ्याचं शेत! विहीर, मोट, गोंडे बांधलेले बैल, सगळं. चितारी तिथलाच, त्यानं शेताच्या टोकाला एक सोनेरी पॅगोडा काढून ठेवला होता. कुणी विचारलं की आप्पा सांगायचे, "देवळाचा कळस हाय तो. लांबनं तसाच दिसतोय."

येळ अमावास्येला ह्यांनी भावजींना तिथं न्यायचं ठरवलं. आमच्याकडं त्या दिवशी सगळं घर शेतात जेवायला जातं. आधी सगळ्या पदार्थांतलं थोडं थोडं कालवून शेतात चारी अंगांना उधळायचं, काळ्या आईला जेवू घालायचं, मग आपण बसायचं. त्या उधळण्याला चरग म्हणतात.

भावजी पाटावर बसले ते नाक मुरडतच. जोंधळा मिळेना म्हणून आप्पांनी पिठात तांदूळ मिसळला होता. भावजींनी तुकडा मोडला. "आप्पा, ही भाकरी न्हाय. भाकरीची मावळण हाय."

"मावळण तर मावळण," आप्पा म्हणाले. "आत्या बी घरचीच हाय की. खावा गपगुमान."

मग भरलं वांगं आलं, कारळ्याची चटणी आली, दहीभात आला, आणि भावजींनी नाक मुरडणं सोडलं. भिंतीकडं बघत राहिले. ताटातलं सगळं त्यांनी मुठीत कालवलं, उठले, आणि आम्ही हां हां म्हणेतो भिंतीवरच्या त्या शेतावर मूठ उधळली. "जेव गं आई, जेव!"

शेजारच्या पंगतीतल्या एका गृहस्थांच्या पांढऱ्या कोटावर वांगं बसलं. आप्पा पळी घेऊन धावले. "अवो, खुळं का काय तुम्ही! भिताड हाय ते! भिताड कवा जेवतंय व्हय?"

लोक हसले. मीही पदर तोंडाला लावला, खोटं कशाला बोलू! पण भावजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. दहीभाताची शितं जोंधळ्याच्या कणसांवरून हळूहळू खाली ओघळत होती, तिकडं बघत उभे राहिले. मग ह्यांच्याकडं वळून एवढंच म्हणाले, "म्हातारी आज एकटीच जेवली असंल. का तशीच निजली असंल रं?"

हसू तिथंच विझलं. आप्पांनी पळी खाली ठेवली आणि आपल्या पंच्यानं भिंत पुसायला घेतली.

ह्यांनी रजा काढली आणि मिळाली त्या पहिल्या बोटीनं आम्ही तिघं निघालो. बोटीवर, आगगाडीत, चिकोडी रोडपासून बैलगाडीत, भावजी दोरीनं बांधलेली पेटी मांडीवर घेऊन बसले.

म्हातारी होती. दारातच चुलीसाठी काटक्या मोडत बसली होती. नजर गेलेली, आणि नजरेबरोबर बरंच काही गेलेलं. "कोन पाव्हणं?" तिनं विचारलं.

"आई, मी," भावजी म्हणाले.

शेजारणीनं कानाशी ओरडून सांगितलं, "आक्का, तुझा ल्योक आलाय गं, रंगूनचा!" म्हातारीनं भावजींच्या तोंडावरून हात फिरवला, आणि हसली. "चल गं! माझ्या पोराला अजून मिसरूड न्हाय. ह्यांच्या मिश्या बघ की केवढ्या!" मग आतिथ्यात कमी पडायला नको म्हणून स्वतःच उठली, चाचपडत भाकरी थापली, भाजली आणि वाढली. ती एका अंगानं करपलेली, दुसऱ्या अंगानं कच्ची. पिठल्यात मीठ नव्हतं. दोन घासांनंतर भावजींचा हात थांबला.

हात थांबलेला तिला कसा कळला कोण जाणे.

"लाजू नगा, पाव्हणं, पोटभर जेवा," म्हातारी म्हणाली. "माझं प्वार बी असंच लांब हाय. त्याला बी कुनीतरी जेव म्हनत असंलच की."

भावजींनी मान खाली घातली. "व्हय आई, म्हनत्यात," ते म्हणाले, आणि पुढचा घास घेतला.