कुलूपवाल्यानं विचारलेली बातमी

जुन्नरच्या बाजारात एक कुलूपवाला बसायचा. किल्ली घासताना तो डोळे मिटून बोटानं तिचे दाते चाचपायचा. मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक, म्हणून मला सर म्हणायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

एका रविवारी त्यानं वर्तमानपत्र पुढं केलं. इटली आणि उझबेकिस्तान यांच्यातल्या सहकार्याची बातमी होती.

"सर, व्यापाराचं कळलं. ही सुरक्षा म्हंजी काय?"

मी घाईत होतो. नुसत्या मथळ्यावर नजर टाकून म्हणालो, "लढाईची तयारी. दुसरं काय असणार?"

किल्लीवर फिरणारी त्याची कानस थांबली. "लेक तिकडं उझबेकिस्तानात डॉक्टरकी शिकती," एवढंच तो म्हणाला.

घरी येऊन मी ती बातमी नीट वाचली. सुरक्षा म्हणजे पोलिसांचं प्रशिक्षण आणि सरहद्दीवरची तस्करी रोखणं, एवढंच त्यात होतं. लढाईचा शब्दही नव्हता. तरी मी लगेच परत गेलो नाही. लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा तो म्हणाला, "परीक्षा सोडून ये म्हणलं तिला. लई रडली."

मी कबूल केलं, "मी बातमी न वाचताच बोललो. त्यात लढाईचं काहीच नाही."

तो रागावला नाही. "तुमी सांगितलं, म्हणून मी दुसऱ्या कुणाला इचारलं न्हाई," म्हणाला आणि माझ्यासमोरच त्यानं लेकीला फोन लावला.

"तू परीक्षा दे, बेटा. सरांनी बराबर सांगितलं व्हतं. माझ्याच ऐकण्यात चूक झाली."

मी शेजारीच उभा होतो. ते खोडून काढायला माझं तोंड उघडलं नाही.