मिस्त्रींचा डावा हात

समोरच्या तळमजल्यावरचे मिस्त्री लाकूड डोळे मिटून तपासतात. रंधा मारून झाला की डाव्या हाताचं बोट फळीवरून फिरवायचं आणि जिथे खुपेल तिथे नखाने खूण करायची. "डोळे फसतात, बोट फसत नाही," असं ते येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात. विजेवर चालणारं एकही हत्यार त्यांच्याकडे नाही. यंत्राची घरघर कानाला सोसत नाही, म्हणतात. त्यावर बायकोचं उत्तर ठरलेलं, "कानाला मी आहे तेवढी पुरे."

आमच्या ह्यांच्या जुन्या कपाटाची एक सागाची फळी माझ्याकडे पडून होती. गरम पेल्यांनी टेबलावर डाग पडतात, म्हणून मी मिस्त्रींना तिचे सहा कोस्टर करायला सांगितले आणि ते उभे ठेवायला एक स्टँड. माझ्या खिडकीतून त्यांचा बाक दिसतो, तेव्हा काम पहिल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

कोस्टर कापून झाल्यावर मी खाली गेले. मिस्त्री एक कोस्टर ओठांवरून फिरवत होते.

"हे काय, लाकडाचा मुका घेताय?"

"आमच्या वाट्याला कधी आला नाही एवढा," बायको आतून म्हणाली.

मिस्त्री हसले, पण जरा उशिराच.

कोस्टरच्या कडेला तांबूस डाग होता. मला वाटलं, पॉलिशचा असेल. चहा घेऊन आलेल्या बायकोने तो बघितला आणि म्हणाली, "अहो, हे रक्त आहे." मिस्त्रींनी डावा हात उलटसुलट करून पाहिला, हरवलेला चष्मा शोधावा तसा. अंगठ्याखाली पटाशीच्या पात्याने चांगलीच चीर पाडली होती. ती त्यांना आम्ही दाखवली तेव्हा कळली.

चहाचा पेला मला रुमालाशिवाय धरवेना. मिस्त्रींनी आपला डाव्या मुठीत धरला आणि सागाच्या रेषांबद्दल बोलत राहिले. पेला खाली ठेवला तेव्हा तळहात लालभडक झाला होता.

"कधीपासून?" बायकोने विचारलं.

"आधी मुंग्या यायच्या. आता त्याही येत नाहीत. कटकट गेली."

"उद्या डॉक्टरकडे जायचं."

"डॉक्टर पटाशी खाली ठेवा म्हणेल. मग काय हातावर हात ठेवून बसू?"

"हात राहिला तर बसाल ना."

मी म्हटलं, "मला स्टँड नको मिस्त्री, आधी हाताचं बघा." त्यांनी मान हलवली. "अर्धवट काम कुणाच्या घरात दिलेलं नाही काकू. स्टँड झाला की जातो. शब्द देतो."

स्टँडच्या पाटात खोबणी कोरायच्या होत्या. डाव्या हाताची बोटं पात्याच्या अगदी जवळ ठेवून पटाशी धरायची आणि उजव्या हाताने हातोडी मारायची. बायको घरातली कामं टाकून त्यांच्यासमोर स्टुलावर बसू लागली. तिची नजर त्या बोटांवरून हलत नसे. "सरका," ती म्हणे, की ते बोट मागे घेत.

"कंडक्टर व्हायला हवं होतंस," ते कुरकुरत.

"तुम्ही सरका आधी."

आज सकाळी तिला दुकानात जावंच लागलं. जाताना तिने खाली रस्त्यावरून मला हाक मारली. "काकू, जरा कान ठेवा. मी येईपर्यंत हात लावणार नाही म्हणालेत."

ती कोपऱ्यावरून वळली आणि हातोडीचा ठोका ऐकू आला. पाठोपाठ दुसरा.

मी खिडकीशी गेले. मिस्त्रींची पाठ माझ्याकडे होती, हात दिसत नव्हते. ठोके एका लयीत पडत होते. थांबत नाहीत, म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी मनाला समजावलं. खुर्चीत बसलेसुद्धा.

मग ताडकन उठले. लागलं की माणूस थांबतो. मिस्त्रींना थांबवणार कोण?

चपला न घालताच, कठडा धरून मी जिना उतरू लागले. अर्ध्यावरून जीव खाऊन हाक मारली, "मिस्त्री!"

"ओ काकू!" आवाज अगदी खुशीत होता. "ही शेवटचीच खोबण. झालंच बघा!"

आणि ठोके पुन्हा सुरू झाले.